प्रमाण : एक सेंटिमीटर बरोबर दहा रुग्ण

अँटॉप हिलच्या दवाखान्यात, औषधांच्या खिडकीमागं
एका टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी होती
आणि टेबलावर आलेखाचा हिरवट कागद.
घरतबाई तो तळव्यानं सपाट करायच्या,
घडी मोडलेल्या साडीसारखा.

मी नवी. त्यांनी पेन्सिल दिलीच नाही,
आधी खोडरबर दिलं.
"हे सांभाळ. इथं माणसं चुकूनही मरतात."

आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर ताप.
दोघी भेटतात त्या कोपऱ्यात शून्य.
तो उंबरठा.
आत यायचं ते तिथूनच.

मोठे साहेब एकदा म्हणाले,
"चाळीसपासून सुरू करा ना, खालचा कागद फुकट जातोय."
बाईंनी दोन्ही काढून दाखवले.
शून्यापासूनचे स्तंभ प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे,
कुणी बोटभर उंच, कुणी बोटभर बुटका.
चाळीसपासूनचे म्हणजे
एक टॉवर आणि त्याला खेटून झोपडं.
"आकडे तेच, साहेब. भीती वेगळी."
साहेबांनी दोन्ही नेले.
एक निधी मागायला,
एक वर्तमानपत्रासाठी.

मग प्रयोगशाळेचे तुळपुळे निवडणुकीच्या ड्युटीवर गेले.
अठरा दिवस रक्ताच्या काचपट्ट्या
लाकडी पेटीत तशाच, वाळलेल्या.
मी शहाण्यासारखी रेष खाली आणली,
थेट शून्यावर.
बैठकीत कुणीतरी म्हणालं, "वा, साथ आटोक्यात!"
चहाबरोबर त्या दिवशी बिस्किटंही आली.
बाई मला काहीच बोलल्या नाहीत.
परत आल्यावर ती रेष खोडत बसल्या,
कागदाला लव येईपर्यंत,
आणि तिथं तुटक टिंबं दिली.
"बघितलं नाही म्हणजे नव्हतं, असं नसतं गं.
डास ड्युटीवर गेले नव्हते."

तेहतिसावा आठवडा, ऑगस्ट.
माझेच दात वाजायला लागले.
तुळपुळ्यांनी माझ्याच बोटाला टोचलं,
काच दिव्यासमोर धरून म्हणाले, "घ्या, तुमचीही भर."

सहाव्या दिवशी कामावर आले, रजिस्टर उघडलं.
सत्तावन्न.
म्हणजे पाच सेंटिमीटर, सात मिलिमीटर.
त्यातला एक मिलिमीटर मी.
पेन्सिलीच्या टोकाची जाडी अर्धा,
तेव्हा मी दोन रेघांची.
त्यात घामानं चिंब गादी,
ह्यांनी करपवलेली पेज,
कडू गोळ्या, दाराआडून डोकावणारी धाकटी,
पहाटे तीनला छताच्या पंख्याशी झालेलं माझं भांडण.
नाही बसलं ते, खरं सांगायचं तर.
पण उरलेल्या छप्पन्नांचंही
कुठं बसलं होतं?

बाईंना विचारलं, "मी ह्यात नेमकी कुठं? वर की खाली?"
त्यांनी पट्टी उचलली नाही.
"कुठंही धर. तू नसतीस तर हा एवढा उंच नसता."
मग म्हणाल्या, "रंग भर आता. बाहेर जाऊ देऊ नको."

बाई निवृत्त होऊन उरणला गेल्या.
टेबल बदललं, पुठ्ठ्याची गरज संपली.
निहाल नावाचा मुलगा आलाय, बटण दाबतो
आणि पडद्यावर केकसारखं वर्तुळ,
सहा रंग, सहा तुकडे, वर सावलीसुद्धा.
सावलीला कुठल्या रोगाची आहेस विचारावं वाटतं.
दुसरं बटण, आणि स्तंभ उगवतात,
त्यांतला एक पडदा फोडून बाहेर येईल असा.
"मॅडम, कसं दिसतंय?"

छान दिसतंय. मी चष्मा वर सारते,
डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवते.
काचेवर ठसा उमटतो.
"इथं काय लिहिलंय, वाच."
तो वाकतो. "पस्तीस."
मग थोडा वेळ गप्प राहून,
"हे मी नाही केलं, मॅडम. ते आपोआप घेतं."

मी खण उघडते. बाईंचं खोडरबर,
आता सुपारीएवढं उरलेलं.
पडद्यावर त्याचा काही उपयोग नाही.
तरी काढून
त्याच्या माऊसशेजारी ठेवते.